डोंगरांतील गव्हाची परीक्षा

शहरांतील गृहिणी गहू विकत घेते तेव्हां मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहते. दाणा टपोरा आहे कीं बारीक, रंग मधासारखा आहे कीं तांबूस, पीठ पाणी किती धरील, पोळी मऊ राहील कीं वातड होईल, हे तिचे प्रश्न असतात. आणि अनुभवाच्या जोरावर त्यांचीं उत्तरें ती दुकानांतच मिळवते. परंतु तो गहू बाजारांत येण्याच्या कित्येक वर्षें आधीं आणखी एक निवड होऊन गेलेली असते. कोणत्या वाणाचें बियाणें शेतकऱ्याच्या हातीं द्यावें आणि कोणत्याचें देऊं नये, ही ती निवड. विकत घेतलेला गहू पोळीला वाईट निघाला, तर पुढच्या महिन्यांत दुसरा आणतां येतो. पेरलेला गहू वाईट निघाला, तर शेतकऱ्याचें एक वर्ष जातें. तें परत आणण्याचें साधन नाहीं.

सपाट मुलखांत ही निवड त्या मानानें सोपी. पंजाब किंवा हरियाणा येथें मैलच्या मैल जमीन एकाच पातळीवर पसरलेली, पाणी कालव्याचें किंवा विहिरीचें, हवा सर्वत्र जवळजवळ सारखी. एका ठिकाणीं जो वाण सरस ठरला, तो शेजारच्या तालुक्यांतहि बहुधा सरसच ठरतो. डोंगराळ मुलखांत मात्र एका पायवाटेनें तासभर चढलें कीं शेती बदलते. म्हणून तेथें "अधिक पिकणारा गहू कोणता?" ह्या प्रश्नाला "कोठें, कोणत्या वर्षीं आणि कोणासाठीं?" असे तीन प्रतिप्रश्न केल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं. हे प्रतिप्रश्न कसे उद्भवले आणि त्यांचीं उत्तरें शोधण्याची रीत कशी सिद्ध झाली, हें पाहण्यासारखें आहे.

उदाहरणादाखल उत्तराखंड राज्यांतील कुमाऊंचा प्रदेश घ्यावा. येथें शेत म्हणजे डोंगराच्या अंगावर कोरलेली एक पायरी. दरीच्या तळाशीं, नदीच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतांना कुमाऊंनी लोक 'तलाऊं' म्हणतात. वरच्या अंगाच्या, केवळ आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतांना 'उपराऊं' म्हणतात. ह्या डोंगराळ भागांत शेंकडा सुमारें दहाच जमिनीला पाटाचें पाणी मिळतें. उरलेली सारी उपराऊं. हजार मीटर उंच चढलें कीं हवा सरासरी सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसनें थंड होते. दरींतील गहू पिवळा होऊन कापणीस आला, त्या दिवशीं वरच्या गांवांतील गहू अजून हिरवा उभा असतो. दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारावर ऊन भरपूर, पण ओल लौकर सुकते. उत्तरेकडील उतारावर ओल टिकते, पण हिवाळ्यांत सूर्य जेमतेम दिसतो.

पावसाळ्याची ओल जमिनींत आहे तोंच, म्हणजे ऑक्टोबर महिन्यांत, उपराऊं शेतांत गहू पेरावा लागतो. पुढें भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हिवाळी वादळांचा पाऊस पडेल तेवढाच. एप्रिल-मे महिन्यांत कापणी होते. अधिक उंचावर ती आणखी लांबते. ह्या शेतांचा जुना क्रम दोन वर्षांचा आहे: उन्हाळ्याच्या तोंडीं पेरलेला भात, त्यामागून गहू, त्यामागून मंडुवा म्हणजे नाचणी, आणि मग एक हिवाळा जमिनीला विसावा. गहू पिकावयास दहा-पंधरा दिवस अधिक लागले, तर नाचणीची वेळ चुकते. तेव्हां एखादा वाण दाण्याला कितीहि चांगला असला आणि तो उशिरा पिकत असला, तर त्याच्या उत्पन्नांतून बुडालेल्या नाचणीची किंमत वजा केली पाहिजे.

ह्या मुलखांत शास्त्रीय प्रयोगांचा पाया घालण्याचें श्रेय बशीश्वर सेन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला आहे. बोशी सेन ह्या नांवानें ते ओळखले जात. जगदीशचंद्र बोस यांच्या हाताखालीं काम केल्यावर त्यांनीं १९२४ सालीं कलकत्त्यास, राहत्या घरांतच, स्वामी विवेकानंदांच्या नांवानें एक प्रयोगशाळा काढली. १९३६ सालीं ती कायमची अलमोड्यास हलली. १९७४ सालीं ती भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या हवालीं झाली आणि आज ती डोंगरी शेतीची राष्ट्रीय संस्था आहे. अलमोड्याजवळ कोसी नदीच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेबाराशें मीटर उंचीवर, हवालबाग येथें तिचें प्रयोगक्षेत्र आहे. तेथून निघालेल्या गव्हाच्या वाणांच्या नांवाआधीं 'व्ही. एल.' हीं अक्षरें असतात. तीं विवेकानंद लॅबोरेटरीचीं आद्याक्षरें होत.

मैदानांत नांवाजलेला गहू डोंगरांत नेऊन पेरला तर बिघडतें कोठें? गव्हाच्या कांहीं जातींना रोपावस्थेंत कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याखेरीज ओंबी धरतां येत नाहीं. ते हिवाळी गहू. भारताच्या मैदानांतील गहू ह्याच्या उलट. त्यांना अशी थंडी लागत नाहीं, दिवस अनुकूल आले कीं ते ओंबीवर येतात. असा उतावळा गहू डोंगरांत ऑक्टोबरांत पेरला, तर तो झपाट्यानें वाढतो आणि दंव पडण्याचे दिवस संपण्याआधींच फुलोऱ्यावर येतो. फुलोऱ्याच्या वेळीं कडाक्याचें दंव पडलें तर पराग मरतो. लांबून पाहणाऱ्याला पीक उत्तम दिसतें. ओंब्या ताठ उभ्या असतात, पण हातांत चुरून पाहाव्या तर दाणा नाहीं. खरा हिवाळी गहू पेरावा, तर तो इतक्या उशिरा पिकतो कीं अखेरचें ऊन त्याचा दाणा सुकवून टाकतें. डोंगराला ह्या दोहोंच्या मधला, थोडा सबुरीचा पण फार रेंगाळणारा नव्हे, असा गहू लागतो. आणि ही सबुरी किती असावी, तें दर उंचीला वेगळें.

आतां उत्पन्न मोजावयाचें म्हणजे काय करावयाचें? दोन वाण शेजारीं शेजारीं पेरावे, कापावे, मळावे आणि तोलावे, इतकें तें सरळ वाटतें. परंतु डोंगरांतील एका पायरीची जमीनसुद्धां एकसारखी नसते. पायरी तयार करतांना डोंगराकडील बाजू खणून ती माती बाहेरच्या बाजूस भर म्हणून घातलेली असते. साहजिकच आंतल्या अंगास माती उथळ व मुरमाड राहते आणि बांधाकडील अंगास ती खोल असते. एखाद्या कोपऱ्यांत वरच्या पायरीचें पाणी झिरपतें, दुसऱ्यावर झाडाची सावली पडते. अशा जमिनींत डाव्या हाताला एक वाण व उजव्या हाताला दुसरा पेरला आणि उजवीकडचा अधिक पिकला, तर जिंकलें कोण? वाण कीं माती?

ह्या कोड्याची उकल इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें झाली. त्या ठिकाणीं १८४३ सालापासून शेतीचे प्रयोग चालू होते आणि वजनांच्या नोंदींचे ढीग सांचले होते. १९१९ सालीं रोनाल्ड फिशर हे तरुण गणिती तेथें आले. जमिनीचा कमीअधिकपणा नाहींसा करतां येत नाहीं, पण त्याचा हिशेब ठेवतां येतो, हें त्यांनीं १९२५ व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन ग्रंथांतून दाखविलें. त्यांची रीत तीन सूत्रांत सांगतां येते. प्रत्येक वाण एकदां न पेरतां तीन-चारदां पेरावा. जमिनीचे असे गट पाडावे कीं एका गटांतील जमीन शक्य तितकी सारखी असेल, आणि प्रत्येक गटांत सगळे वाण असावे. गटाच्या आंत कोणत्या वाणाला कोणता वाफा द्यावयाचा, हें प्रयोग करणाराच्या मर्जीवर न सोडतां चिठ्ठ्या टाकून ठरवावें. डोंगरांत एक पायरी हा एक गट सहज होतो. पायरी लहान आणि वाण पुष्कळ असले, तर एका गटांत सर्व वाण मावत नाहींत. त्यावरहि फिशर यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनीं १९३६ सालीं अपुऱ्या गटांची युक्ति शोधून काढली. चिठ्ठी ही लोकांना खेळांतली वस्तु वाटते. येथें ती पक्षपाताला दूर ठेवण्याचें काम करते. ज्या शास्त्रज्ञानें दहा वर्षें खपून एक वाण तयार केला, त्याचा हात नकळत त्या वाणाला चांगली माती देण्याकडे वळणारच.

हें शास्त्र भारतीय शेतीच्या अंगवळणीं पाडण्यांत महाराष्ट्रीय विद्वानांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या कृषिसंस्थेंत कापसावर संशोधन करणारे विनायक गोविंद पानसे ह्या दोघांनीं मिळून लिहिलेला कृषिसंख्याशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. देशांतील कृषिविद्यालयांत कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे यांनीं त्याआधींच, १९४६ सालीं, एक मार्मिक गोष्ट निदर्शनास आणली होती. पिकाचा अंदाज घेण्यासाठीं शेतांतला फार लहानसा तुकडा कापला, तर उत्पन्न खऱ्यापेक्षां अधिक भरतें. कारण, तुकड्याच्या सीमेवरचें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा संशय आला कीं कापणाराचा हात तें आंत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी आंतल्या पिकाच्या मानानें सीमा मोठी.

ह्या सावधगिरीचें महत्त्व साध्या गुणाकारानें पटतें. समजा, वाफ्याच्या कडेच्या ओळी सोडून मधलें पांच चौरस मीटर पीक कापलें आणि दाणा दीड किलो भरला. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. म्हणजे ह्या वजनाला दोन हजारांनीं गुणावयाचें. उत्तर हेक्टरी तीस क्विंटल. आतां तोलतांना चूक झाली केवळ शंभर ग्रॅमची, मूठ-दोन मुठी दाण्यांची. तरी हिशेबांत ती हेक्टरी दोन क्विंटल होऊन बसते. चिमण्यांनीं टिपलेले दाणे, कापणींत झडलेल्या ओंब्या, मळणीच्या वेळीं शेजारच्या राशींत मिसळलेला पसा, प्रत्येकाला हाच गुणक लागतो. ओलाव्याचेंहि तसेंच. एका वाणाच्या दीड किलो दाण्यांत शेंकडा अठरा भाग पाणी असलें आणि दुसऱ्याच्या दीड किलोंत बाराच, तर कांट्यावर दोघे सारखे. पण दोन्ही दाणे सारखे वाळवून तोलले, तर पहिला सुमारें शंभर ग्रॅमनीं कमी भरतो. डोंगरांत उशिरा पिकणारा वाण पुष्कळदां वळवाच्या पावसांत सांपडून ओला कापला जातो, म्हणून दाण्याची ओल मोजल्याशिवाय त्याचें वजन मानूं नये, असा दंडक आहे. कडेच्या ओळी सोडण्याचें कारणहि ह्याच जातीचें आहे. त्यांना ऊनवारा अधिक मिळतो, त्या अधिक पिकतात आणि वाणाच्या नांवावर खोटी जमा पडते.

इतकें सगळें नीट केलें तरी मिळतें तें एका शेताचें, एका वर्षाचें उत्तर. म्हणून १९६५ सालीं सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित गहू सुधार प्रकल्पानें देशाचे हवामानाप्रमाणें विभाग पाडले. त्यांतील उत्तर पर्वतीय विभागांत काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथील डोंगरांपासून सिक्कीम व ईशान्येकडील डोंगरांपर्यंतचा मुलूख येतो. नवा वाण ह्या विभागांतील अनेक केंद्रांवर साधारणतः तीन वर्षें परीक्षेला बसतो. त्याच्या शेजारीं प्रत्येक ठिकाणीं एक जुना, शेतकऱ्यांच्या विश्वासाचा वाण तुलनेसाठीं पेरलेला असतो. त्याला मागें टाकील तोच पुढें जातो. वाणांना नांवाऐवजीं सांकेतिक अंक दिलेले असतात, म्हणजे अलमोड्याचा गहू कोणता आणि शिमल्याचा कोणता, हें मोजणाराला कळूं नये. पावसाळी ओलीवर वेळेवर पेरलेल्या, पाटाच्या पाण्यावर वेळेवर पेरलेल्या, आणि भातामागून उशिरा पेरलेल्या गव्हाच्या परीक्षा निरनिराळ्या होतात. ज्या केंद्रावरचे आंकडे फार विस्कळीत आले, त्या केंद्राची त्या वर्षाची परीक्षाच रद्द होते. वाईट मोजमापापेक्षां मोजमाप नसलेलें बरें, हें तत्त्व शास्त्रांत फार कष्टानें स्वीकारलें गेलें आहे.

तीन वर्षांच्या आणि अनेक ठिकाणांच्या आंकड्यांची सरासरी काढली म्हणजे काम संपलें काय? येथेंच खरा पेंच आहे. कुमाऊंत जमीन 'नाली' ह्या मापानें मोजतात. पन्नास नालींचा एक हेक्टर. दहा नाली उपराऊं जमीन असलेलें एक कुटुंब कल्पावें. एका वाणानें तीन वर्षांत त्याला सहा, साडेसहा आणि दोन क्विंटल गहू दिला. दुसऱ्या वाणानें दिला असता साडेचार, साडेचार आणि चार क्विंटल. बेरीज पहिल्याची अधिक, सरासरी पहिल्याची अधिक. कोठारें भरणाऱ्या व्यापाऱ्यानें पहिलाच पसंत करावा. परंतु ज्या घराचें पोट त्याच दहा नालींवर आहे, त्याला तिसरें वर्ष सरासरीनें काढतां येत नाहीं. मागच्या वर्षींचा अधिक गहू पोरांच्या पोटांत गेला, विकला गेला, देण्याघेण्यांत संपला. आतां दोन क्विंटलांत वर्ष काढावयाचें. अशा घराला दुसरा वाणच श्रेष्ठ.

वाणाचा हा स्थिरपणा मापतां येईल काय, ह्याचा विचार करतांना फिन्ले आणि विल्किन्सन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १९६३ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील जवाच्या २७७ वाणांवरून एक सोपी युक्ति सुचविली. एखादें ठिकाण चांगलें कीं वाईट, हें ठरविण्यासाठीं तेथील माती, पाऊस, ऊन हें सगळें वेगवेगळें मापण्याऐवजीं तेथें सर्व वाणांचें मिळून सरासरी उत्पन्न किती आलें, तें पाहावें. तोच त्या ठिकाणाचा दर्जा. मग दर्जा वाढत जाईल तसतसा प्रत्येक वाण किती वेगानें चढतो, तें पाहावें. कांहीं वाण चांगल्या जमिनींत उड्या मारतात आणि वाईट जमिनींत बसकण मारतात. कांहीं दोन्हीकडे बेतानें चालतात. पहिले तलाऊंसाठीं, दुसरे उपराऊंसाठीं. ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे "सर्वोत्तम गहू" हा शब्दप्रयोगच डोंगरांत निरर्थक ठरतो. अलमोड्याचे व्ही. एल., शिमल्याचे एच. एस., पालमपूरचे एच. पी. डब्ल्यू. असे इतके वाण निघाले, ह्याचें एक मोठें कारण हेंच कीं डोंगराच्या प्रत्येक पायरीची मागणी निराळी आहे.

ह्या सर्वांहून वरचढ असा एक परीक्षक डोंगरांत आहे, तो म्हणजे तांबेरा. ही बुरशी गव्हाच्या पानांवर व कांडावर पिवळ्या, तपकिरी किंवा काळ्या पुटकुळ्यांच्या रूपानें दिसते. पुटकुळी फुटली कीं तिच्यांतून हजारों सूक्ष्म बीजकण वाऱ्यावर उडतात. ही बुरशी जिवंत गव्हावरच जगते. आणि उत्तर भारताच्या मैदानांत उन्हाळ्यांत जिवंत गहू तर नसतोच, शिवाय उष्माहि इतका कीं बीजकण तग धरूं शकत नाहींत. मग दरवर्षीं तांबेरा येतो कोठून? आग्रा कॉलेजांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं ह्या प्रश्नाचा वर्षानुवर्षें पाठपुरावा केला. मैदानांत उन्हानें नष्ट होणारा तांबेरा डोंगरांच्या थंड हवेंत, अवेळीं उगवलेल्या गव्हावर जगतो आणि हिवाळ्यांत वाऱ्याबरोबर पुन्हां खालीं उतरतो, हा त्यांचा निष्कर्ष १९४० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

ह्याचा अर्थ असा कीं डोंगरांतील गव्हाची निवड ही केवळ डोंगराची गोष्ट नाहीं. डोंगरांत तांबेऱ्याला बळी पडणारा गहू पेरला गेला, तर तो खालच्या मैदानांवर रोगाचे कण पाठवीत राहतो. महाराष्ट्राचाहि ह्याशीं निकटचा संबंध आहे. दक्षिणेकडील निलगिरी व पळणीच्या डोंगरांत काळा तांबेरा वर्षभर टिकतो आणि बंगालच्या उपसागरांतून येणाऱ्या वादळांबरोबर तो दख्खनपर्यंत व मध्य भारतापर्यंत पोचूं शकतो, हें पुढील संशोधकांनीं दाखविलें. म्हणून निलगिरींत वेलिंग्टन येथें १९५४ सालीं गव्हाचें केंद्र निघालें, आणि महाबळेश्वरच्या थंड हवेंतहि गव्हाच्या तांबेऱ्याचें संशोधन चालतें. महाराष्ट्रांत खिरीसाठीं प्रिय असलेल्या खपली गव्हाची आठवण येथें अवश्य होते. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठीं स्टॅकमन व लेव्हिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२२ सालीं बारा गव्हांचा जो संच ठरविला, त्यांत एकाचें नांव 'खपली' असेंच होतें. जगांतील रोगशास्त्रज्ञांच्या तोंडीं गेलेला हा शब्द मराठी आहे.

तांबेऱ्याच्या बाबतींत केवळ वजनावर विसंबणें किती धोक्याचें, ह्याचें उदाहरण अलीकडचें आहे. पी. बी. डब्ल्यू. ३४३ हा वाण १९९५ सालीं प्रसृत झाला. त्याचें उत्पन्न उत्तम होतें, पिवळ्या तांबेऱ्यापुढें तो टिकत होता, आणि पाहतां पाहतां वायव्येकडील मैदानांत लाखों हेक्टरांवर तोच एक गहू दिसूं लागला. परंतु त्याचा रोगप्रतिकार मुख्यतः एका आनुवंशिक गुणावर उभा होता. त्या गुणाला दाद न देणारा तांबेऱ्याचा नवा प्रकार उद्भवला आणि २००८ ते २०११ ह्या वर्षांत हिमालयाच्या पायथ्याशीं जम्मू, हिमाचल व पंजाब येथील शेतें पिवळीं पडलीं. वाण तोच होता, माती तीच होती. शत्रु बदलला होता. म्हणून आतां उत्पन्नाच्या परीक्षेबरोबर प्रत्येक वाणाला तांबेऱ्याच्या निरनिराळ्या प्रकारांच्या तोंडीं मुद्दाम दिलें जातें. तेथें जो नापास झाला, त्याचें वजन कितीहि असलें तरी तो पुढें जात नाहीं.

आतां तिसरा प्रतिप्रश्न राहिला: कोणासाठीं? प्रयोगक्षेत्रांतील कांटा दाणा तोलतो. डोंगरांतील कुटुंब दाण्याबरोबर काडहि तोलतें. हिवाळ्यांत डोंगर सुकतो, गवत संपतें, आणि गाईम्हशींना गव्हाच्या काडाचाच आधार उरतो. गाईगुरांवांचून शेणखत नाहीं, खतावांचून पुढचें पीक नाहीं. मैदानासाठीं निघालेल्या बुटक्या गव्हांचें वैशिष्ट्य हें कीं त्यांनीं काड कमी करून दाणा वाढविला. मैदानांत ती क्रांति ठरली. डोंगरांतील गृहिणीला मात्र तिच्यांत गुरांच्या तोंडचा घास कमी झालेला दिसला. ह्या मुलखांतील पुष्कळ पुरुष नोकरीसाठीं खालीं शहरांत किंवा सैन्यांत जातात. नांगरणीखेरीज शेतीचें बहुतेक काम, आणि चाऱ्यासाठीं रानोरान हिंडणें, स्त्रियांच्याच वांट्याला येतें. काडाचें मोल तिच्याइतकें दुसऱ्या कोणाला कळणार?

ह्या गरजेंतून अलमोड्याच्या संस्थेनें दुहेरी उपयोगाचे गहू तयार केले, व्ही. एल. ८२९ हा त्यांपैकीं एक. तो ऑक्टोबरांत लौकर पेरावा, हिवाळ्यांत एकदां हिरव्या चाऱ्यासाठीं कापून घ्यावा आणि मग फुटणाऱ्या नव्या धुमाऱ्यांवर दाणा घ्यावा. अशा वाणाची परीक्षा घेतांना वजनाचे दोन कांटे लागतात, एक चाऱ्याचा आणि एक दाण्याचा. आणि दोहोंची बेरीज करतांना कुटुंबाची गरज हाच भाव धरावा लागतो.

परीक्षेची पद्धतिहि ह्यामुळें बदलत चालली आहे. प्रयोगक्षेत्रांत खत वेळेवर, तण काढलेलें, माती निवडलेली. तेथील पहिला नंबर गांवच्या पायरीवर टिकेल, असें नाहीं. म्हणून आतां गांवांतच परीक्षा भरवितात. एका शेतांत सगळे वाण मांडावयाचे, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना त्यांतील एक-दोनच वाण देऊन ते स्वतःच्या जुन्या गव्हाशेजारीं, स्वतःच्या रीतीनें, स्वतःच्या खतावर पेरावयास सांगावयाचे. कापणीच्या वेळीं वजन होतेंच. पण त्याबरोबर शेतकरी स्त्रीपुरुषांना वाफ्यांतून फिरवून कोणता वाण ठेवाल आणि कोणता टाकाल, असें विचारतात. त्यांचीं उत्तरें शास्त्रज्ञाच्या वहींत नसलेल्या गोष्टी सांगतात. ह्या वाणाची ओंबी हाताळतांना दाणा गळतो. ह्याचें कुसळ पांखरांना आवरतें. ह्याच्या काडाला गुरें तोंड लावीत नाहींत. ह्याची पोळी दुसऱ्या दिवशीं कडक होते. चिठ्ठ्या टाकून, ओळी सोडून, ओल मोजून मिळविलेला आंकडा ह्या उत्तरांनीं खोटा ठरत नाहीं. त्याला पुरतेपणा येतो.

पंजाबांत गव्हाचें सरासरी उत्पन्न हेक्टरी चाळीस क्विंटलांच्या पलीकडे गेलें आहे. उपराऊं शेतांतील गहू बहुधा त्याच्या निम्म्यालाहि पोचत नाहीं, आणि पोचेल अशी आशा दाखविणें अप्रामाणिकपणाचें होईल. उथळ माती आणि बेभरंवशाचा पाऊस ह्यांना बियाणें एकटें पुरें पडूं शकत नाहीं. परंतु त्याच शेतांत एक-दोन क्विंटल अधिक, आणि तेहि दुष्काळांत न ढळणारे, हें चांगल्या बियाण्याला करून दाखवितां येतें. दहा नाली जमिनीच्या घराला हेक्टरी दोन क्विंटलांची वाढ म्हणजे चाळीस किलो गहू. शहरांतील एका लहान कुटुंबाला तो दोन-तीन महिने पुरेल. डोंगरांतील त्या घराला तो वर्षाच्या अखेरच्या, सर्वांत ओढग्रस्तीच्या दिवसांत पुरतो. आणि तेवढ्यासाठीं कांट्यावरच्या शंभर ग्रॅमांची इतकी काळजी घ्यावी लागते.